तिसऱ्या हाकेला ओ

रोझी आमच्या भिंतीपलीकडे राहायची. इस्राएलात वाळवंटाच्या कडेला ओफाकिम गाव, तिथं सरकारनं आम्हाला जोडघरं दिली होती आणि मधली भिंत इतकी पातळ, की तिकडं तिचा नवरा मोर्देखाय शिंकला की इकडं माझा मोझेस त्याला ‘लाब्रियूत’, म्हणजे ‘तब्येत राहो’, म्हणून मोकळा व्हायचा. तेव्हा मी सांगते ते ऐकीव नाही. अर्धं मी भिंतीतून ऐकलंय आणि बाकीचं डोळ्यांनी बघितलंय.

मोर्देखाय आमच्यातला, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला यहुदी, रेवदंड्याकडचा. रोझी उरणची किरिस्ताव. मुंबईत एका चाळीत ओळख झाली, रजिस्टर लग्न केलं, दोन्हीकडच्यांनी तोंडं फिरवली. तो इस्राएलला निघाला तशी तीही निघाली. ट्रंकेत वर मारियेची तसबीर आणि तळाला सुकट. बसमधून उतरली तेव्हा वासानं गावची मांजरं ट्रंकेमागं लागलेली. मी पहिल्याच दिवशी बजावलं, बाई गं, तसबीर मला चालेल, सुकट चालायची नाही, आमच्या धर्मात जवळा बसत नाही. तिनं जरा विचार केला आणि सगळी सुकट मांजरांना घातली. त्या दिवसापासून आमची गट्टी.

ती कुपत होलिमच्या, म्हणजे कामगारांच्या आजारफंडाच्या, दवाखान्यात फरश्या पुसायची. मोठ्या अंगाची, मोठ्या आवाजाची. हिब्रू बोलायची तीही उरणच्या हेलात, त्यामुळं डॉक्टरसुद्धा आधी हसायचा आणि मग ऐकायचा. आम्हा बायकांच्या मालिदाला, म्हणजे एलियाहू हनबी या संदेष्ट्याच्या नवसाला, नारळ खवून द्यायला ती सर्वांत आधी हजर. प्रार्थनेच्या वेळी मात्र आपण होऊन बाहेर पायरीवर जाऊन बसायची. तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिचं तिला कळत होतं.

लोक मागाहून म्हणाले, ती मिशनरी होती. म्हणणाऱ्याच्या तोंडाला काय हाड! आमच्या एकाही पोराला तिनं कधी त्या वाटेला नेलं नाही, हे मी एलियाहू हनबीची शपथ घेऊन सांगते. तिच्याकडं यायची ती पोलंडची पोरं. तिकडून आलेल्या काही घरांत बाप यहुदी आणि आई किरिस्ताव. पोरांना तिकडं बाप्तिस्मा दिलेला, इकडं मात्र शाळेत कोणाला कळू द्यायचं नाही. घरात एक, दारात दुसरं. चौदा-पंधरा वर्षांची पोरं ती. त्या वयात आधीच माणूस धड इकडचं नसतं ना तिकडचं, त्यात हे.

बेर शेवाहून महिन्यातून एकदा बसनं एक पाद्री यायचा. झगा नाही की काही नाही, बाह्या दुमडलेला शर्ट आणि हातात केळ्यांची पिशवी. त्यानं रोझीला विनवलं, की मधल्या आठवड्यांत या पोरांना तू जमव. त्यांच्या आया भ्यायच्या. रोझीला भिऊन उपयोग नव्हता, ती किरिस्ताव हे तिचं नावच गावभर बोंबलत होतं. रविवारी इथं फॅक्टरी चालू, शाळा चालू, म्हणून तिनं आमचा शब्बाथ, विसाव्याचा शनिवार, घेतला. शनिवारी दुपारी गाव जेवून झोपलं, की तिच्याकडं तीन पोरं यायची. झेएव आणि त्याची बहीण त्सिला, आणि तिसरी तिकवा. रोझी आदल्या दिवशीच फुगे तळून ठेवायची, गोल गोल, आंबवलेल्या पिठाचे. आधी फुगे खायचे, मग जपमाळ. देव उपाशीपोटी शिरत नाही, असं तिचं म्हणणं. पोरं तिला ‘दोदा रोझी’ म्हणायची, म्हणजे आत्या म्हणा, मावशी म्हणा.

झेएव आणि त्सिलाची तिला काळजी नव्हती. ती फुग्यांसाठी आली होती आणि देवासाठी राहिली, असं ती म्हणायची. काळजी होती तिकवाची.

तिकवाची आई हेलेना १९६२च्या हिवाळ्यात गेली. छातीचा आजार. किरिस्ताव म्हणून तिला आमच्या गावात जमीन मिळेना, तेव्हा लांब याफोकडं नेऊन पुरली. बाप नाथान ट्रॅक्टर चालवायचा, देवाधर्माचं नाव काढलं की थुंकायचा. तो बायकोला पुरून आला आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेला. घरात तिचं नाव निघेना. पोरीचं खाणं सुटलं, मनगटं काटकीसारखी झाली. एकदा भिंतीतून मी ऐकलं, ती रोझीला हिब्रूत विचारत होती, की आई जर देवाजवळ आहे तर ती काही बोलत का नाही. रोझीनं काय काय सांगितलं. पोरीनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, की मला काही ऐकू येत नाही.

त्या संध्याकाळी रोझी माझ्याकडं आली, पदरानं डोळे पुसत. तिला स्वतःचं पोर नव्हतं, हेही सांगून ठेवते. म्हणाली, ही पोर हातची जाणार. हिला धरायला काहीतरी दिलं पाहिजे, नाहीतर ही आईच्या मागं जाईल. मी म्हटलं, तिला मटणाचा रस्सा दे. पण मलाही ते खरं वाटत होतं.

मग पाद्र्यानं पोरांना लहान शमुवेलाची गोष्ट सांगितली. देवळात झोपलेला पोर, त्याला नावानं हाक येते, तो उठून म्हाताऱ्या याजकाकडं धावतो, तो म्हणतो मी नाही मारली. असं तीनदा होतं, तेव्हा कळतं की हाक देवाची. आमच्याच तनाखातली, म्हणजे धर्मग्रंथातली गोष्ट. तिकवानं पाद्र्याला विचारलं, की हाक देवाची आहे हे ओळखायचं कसं? पाद्री म्हणाला, हळूहळू कळतं. शिकलेल्या माणसाचं उत्तर. पोरीचं त्यानं काय पोट भरणार?

पुढच्या शनिवारी रोझीनं तिला आपलं उत्तर दिलं. मी भिंतीला कान लावला होता असं नाही, पण कान काही बंद करता येत नाहीत. ती म्हणाली, आमच्या उरणला हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. भूत एकदा हाक मारतं, फार तर दोनदा. त्याला धीर नसतो. तिसऱ्यांदा हाक मारतो तो माणूस, नाहीतर देव. तेव्हा एका हाकेला तोंड उघडू नका, दुसरीला उघडू नका. तिसरीला ओ द्या. मग तिनं त्यांना ‘ओ’ शिकवली. तीन पोलिश पोरं भिंतीपलीकडे ‘ओ, ओ’ करत हसत होती.

माझं डोकं फिरलं. पोरं गेल्यावर मी तिला फैलावर घेतलं, की देवाच्या गोष्टीत भुताखेतांना कशाला ओढतेस. तर ती म्हणते, आपण सगळ्या अशाच वाचलो ना? आता काय बोलणार? कोकणातली मीही. आजही मोझेसला चहा पाहिजे असला तर तीनदा ओरडावं लागतं. एका हाकेला मी ओ देत नाही, आणि माझ्या आईनं कधी दिली नाही.

गंमत म्हणजे तिकवा सुधारली. खायला लागली. पाठ सरळ झाली. रोझी इतकी हरखली, की दवाखान्याच्या फरश्या पुसताना गुणगुणायची. मी मात्र एक दिवस बघितलं. भर दुपारची वेळ, मी कपडे वाळत घालत होते. गावाच्या शेवटच्या ओळीपलीकडे काही नाही, नुसतं माळरान आणि कोरडी नाळ, म्हणजे पावसापुरतं वाहणाऱ्या ओढ्याचं पात्र. तिकवा तारेच्या कुंपणाजवळ उभी होती, तोंड माळाकडं, ओठ गच्च मिटलेले, तोंडात पाण्याची गुळणी धरल्यासारखे. वारा नव्हता, पण तिनं मान कलती केली होती. मी विचारलं, काय गं, काय ऐकतेस? ती म्हणाली, आज एकच आली. आणि माझ्याकडं बघून हसली. माझ्या हातातली चादर खाली मातीत पडली ती मी परत धुतलीच नाही, तशीच आत नेली.

रोझीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, माहीत आहे मला, ती सांगते मला सगळं. कधी एक येते, कधी दोन. ती ओ देत नाही. ती शहाणी आहे. पण हे सांगताना रोझी माझ्याकडं बघत नव्हती. मी विचारलं, आवाज कोणाचा असतो? त्यावर ती म्हणाली, ते मी विचारलं नाही.

१९६३ साली पेसाहचा सण होऊन गेल्यावर शारव सुटला. शारव म्हणजे वाळवंटातून येणारी गरम हवा. पण त्या शनिवारसारखा शारव मी नंतर कधी बघितला नाही. सकाळपासून आभाळ पिवळं. सूर्य पांढरा पडला होता, डोळे न मिचकावता बघता येत होता. कोंबड्या गप्प. अंगणात बोललेलं शेजारी ऐकू जात नव्हतं आणि लांबचा दरवाजा कानाशी वाजल्यासारखा वाटायचा. अशा दिवशी पाणी न पिता माणूस उन्हात राहिलं तर संध्याकाळ बघत नाही, हे इथं सगळ्यांना ठाऊक.

दुपारी झेएव आणि त्सिला आली, तिकवा आली नाही. रोझीनं वाट बघितली, मग नाथानच्या घरी गेली. तो झोपला होता. ताटात जेवण अर्धं, खुर्ची मागं सरकवलेली, दार सताड उघडं, पोरीच्या चपला खाटेखाली. झेएव तेव्हा बोलला, की तिकवा काल म्हणत होती, आता रोज दोन हाका येतात.

रोझी नाथानच्या उंबऱ्यावरच बसली. मी तिला उठवायला गेले. ती म्हणाली, तिसरी आली.

गाव उठलं. तो शब्बाथ होता, तरी सगळे पुरुष निघाले, आमचे, मोरोक्कोचे, पोलंडचे. पोलिसाची गाडी आली. नाथान अनवाणीच पुढं धावला. थोड्या वेळानं त्या पिवळ्या धुळीत माणसं दिसेनाशी झाली, नुसत्या हाका ऐकू यायच्या. इथून एक ‘तिकवा’, तिथून एक ‘तिकवा’. माणूस एक हाक मारायचा आणि चार पावलं पुढं जायचा, मग दुसरा कोणी मारायचा. मी, रोझी आणि दोरी बांधलेली पाण्याची किटली, आम्ही नाळेच्या कडेनं चाललो होतो. पायाखाली जमीन तव्यासारखी. तास गेला, दोन गेले. पुरुष परतून दुसऱ्या बाजूला वळले, की इकडं ती नाही, असती तर बोलली असती.

मला रडू येत होतं आणि रडू आलं की मी चिडते. मी म्हटलं, मेले एक इथं बोंबलतात, एक तिथं बोंबलतात, एका जागी उभं राहून धड हाक मारेल तर शपथ. रोझी थबकली. तिनं माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली.

“जेमायमाबाय,” ती म्हणाली, “ती ऐकतेय. ती ओ देत नाहीये.”

दोन तास सगळं गाव पोरीच्या डोक्यावरून हाका मारत गेलं असेल, प्रत्येक गळ्यातून एक, फार तर दोन, आणि ती खाली कुठंतरी बोटं मोजत गप्प बसली असेल. शिकवलेलं होतं तसं.

रोझीनं मला हातानं गप्प केलं. नाळेच्या काठावर पाय रोवून उभी राहिली आणि पोटातून हाक मारली, “तिकवा.” थांबली. काही नाही. परत मारली. तोंडात धूळ गेली, तिला ठसका लागला. खोकत खोकत ती वाकली, तिसऱ्या हाकेसाठी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. नुसती हवा. तिनं माझ्याकडं बघितलं ते डोळे मी विसरायचे नाही. मी मारणार होते. मी श्वास घेतला होता.

तेवढ्यात हाक आली. आमच्या मागून नाही, पुरुषांकडून नाही. समोरून, नाळेच्या पलीकडून, जिथं कोणी नव्हतं. बाईचा आवाज. मोठा नव्हता. जेवायला वाढल्यावर घरातल्या घरात पोराला बोलावतात तसा.

“नाजा.”

आणि जमिनीतून उत्तर आलं, बारीक, फाटलेलं, “ओ.”

आम्ही पडत-धडपडत तिकडं गेलो. झुडपाआड जुन्या काळचा, जमिनीत कोरलेला पाण्याचा हौद होता. तोंडावरचा दगड ढासळलेला. आत खाली तिकवा बसली होती, एक पाय वाकडा, ओठ फाटून रक्त वाळलेलं. आमच्याकडं वर बघून ती हसत होती. रोझीनं किटली दोरीनं सोडली, मी बोंब मारून पुरुषांना बोलावलं. नाथान स्वतः आत उतरला आणि तिला खांद्यावर घेऊन वर आला. डॉक्टर म्हणाला, अजून तासभर गेला असता तर नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात नाथान बाकावर बसला होता, मी चहा नेऊन दिला. विचारावं की नाही, असं करत शेवटी विचारलंच, की नाजा म्हणजे काय. चहा त्याच्या मांडीवर सांडला, त्याला कळलंसुद्धा नाही. मग सांगितलं, की पोलंडमध्ये तिचं नाव आशा या अर्थाचं होतं, हैफाच्या बंदरावर कारकुनानं त्याचं हिब्रूत तिकवा केलं. नाजा हे त्याचं लाडाचं रूप. तिची आई एकटीच तिला त्या नावानं हाक मारायची. ती गेल्यापासून ते नाव कोणी उच्चारलं नव्हतं. मग त्यानं मला विचारलं, की तुला ते कोणी सांगितलं. मी म्हटलं, मी ऐकलं. आणि तिथून निघाले, थांबले नाही.

पाय बरा झाल्यावर तिकवा रोझीकडं परत यायला लागली, आणि नाथाननं अडवलं नाही. पोर बदलली होती. शांत. प्रार्थना तोंडपाठ. पाद्र्यानं तिला प्रश्न विचारले आणि इतका खूश झाला, की रोझीचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाला, बाई, मी इतकी वर्षं शिकवतो पण असा विश्वास बघितला नाही. रोझीनं हात सोडवून घेतले. तिनं फुगे तळणं सोडलं होतं. रात्रीची झोप गेली होती. भिंतीतून मला तिच्या येरझारा ऐकू यायच्या.

शेवटी एका शनिवारी, दुसरी पोरं गेल्यावर, तिनं तिकवाला थांबवलं. मीही तिथंच होते, तिनंच मला बसवलं होतं, एकटीला भीती वाटत होती म्हणून. किती तरी आढेवेढे घेऊन तिनं विचारलं, की त्या दिवशी तुला बाहेर माळावर ज्यानं नेलं तो कोण होता, आणि हौदात असताना शेवटी हाक मारली ती कोणाची. मला कळत होतं तिला काय ऐकायचं आहे. बाहेर नेणारं ते वाईट, आणि परत आणणारा तो देव, किंवा देवानं पाठवलेली आई. एवढं ऐकलं असतं तर ती त्या रात्री झोपली असती.

पोरीला विचारही करावा लागला नाही.

“ओतो कोल, दोदा,” ती म्हणाली. तोच आवाज. दोन्ही वेळेला तोच.

मग तिनं रोझीच्या गालाला गाल लावला, मला ‘शब्बाथ शालोम’ म्हटलं आणि निघाली. आम्ही दोघी दारात उभ्या राहिलो. ऊन उतरलं होतं, रस्ता रिकामा. पोर आपल्या घराच्या वळणापर्यंत गेली आणि थांबली. माळाकडं वळली. आम्हाला काही ऐकू आलं नाही. मी कान देऊन होते, रोझीही होती. एकही हाक आली नाही.

पण तिकवानं तोंड उघडलं आणि स्वच्छ, मोठ्यानं, एका दमात ओ दिली. थांबली नाही, मोजलं नाही. मग घरी निघून गेली.

रोझी चौकटीला धरून उभी होती. बोलली तेव्हा तिच्या त्या मोठ्या आवाजातलं काही उरलं नव्हतं.

“मी तिला ओ द्यायला शिकवलं, जेमायमाबाय. कोणाला द्यायची, ते मला तरी कुठं ठाऊक होतं.”